उपाशी न ठेवता तेल

सोमवार, ६ जानेवारी

भुंग्या,

सुखरूप पोहोचले. गुडघा तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्याशी भांडत होता, पण आले. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्राला मध्येच "बरं आई, ते जाऊ दे" म्हणता येत नाही.

तू दिलेलं काम विसरलेले नाही. तुझ्या बायकोची समजूत घालायची. एप्रिलमध्ये तू नव्या जागी रुजू होशील, तेव्हा ती इथली नोकरी सोडून तुझ्याबरोबर येईल असं तिच्याकडून वदवून घ्यायचं. आणि या वेळी नाही आली तर तू वेगळं व्हायचं म्हणतो आहेस, हेही तिच्या कानावर घालायचं. "पंधरा दिवसांत घेऊन येते तिला," असं मी छातीठोकपणे सांगून निघाले. इतकी वर्षं मेट्रन होते मी. भल्याभल्या सर्जनना वॉर्डाच्या दाराशी चपला काढायला लावल्या आहेत. एका सुनेचं काय घेऊन बसलास!

आज मात्र विषय काढला नाही. प्रवासाने अंग आंबून गेलं होतं. ती स्टेशनवर घ्यायला आली होती. वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा तिच्या हाताला स्पिरिटचा वास आला आणि मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं. यातून तू भलता अर्थ काढू नकोस.

दोन खोल्या आहेत. स्वच्छ आहेत. फ्रिजमध्ये मात्र नुसता उजेड. तुझ्या फोटोवर धूळ नाही, हे लक्षात आलं म्हणून लिहिते.

तुझी आई


रविवार, २६ जानेवारी

भुंग्या,

पंधरा दिवस कधीच उलटले, हे मला कळतं. कॅलेंडर या घरातही आहे.

विषय काढला नाही, कारण वेळच मिळाला नाही. ती सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. घरी एकटी बसून भिंती किती मोजणार? म्हणून परवा तिच्यामागे लागून तिची प्रयोगशाळा पाहून आले. रस्त्याच्या टोकाला आहे, टायरच्या दुकानाला लागून. बाहेरून बघशील तर गोदाम वाटेल.

आत गेले आणि पाहतच राहिले रे. भिंतभर फळ्या, फळ्यांवर दिवे, आणि दिव्यांखाली हिरव्या पाण्याच्या बाटल्या एका लयीत डुलताहेत. कुणी गडद हिरवी, कुणी पोपटी. साध्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ आहे ते, एकेका पेशीचं. ही सगळी मंडळी उजेड खातात आणि पोटात तेल साठवतात. ते तेल काढून गाडीत घालायचं इंधन करता येतं. करता येतं, पण परवडत नाही. तिथेच तर खरी मेख आहे, आणि तुझी बायको त्या मेखेशी झगडते आहे.

ती मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून समजावत होती. मी तुला माझ्या भाषेत सांगते. या शेवाळाला नीट खायला घातलं की ते भराभर वाढतं, पण तेल धरत नाही. खाणं तोडलं, म्हणजे त्याच्या खतातला नायट्रोजन काढून घेतला, की ते घाबरून तेल साठवायला लागतं, पण वाढ थांबते. पुष्कळ शेवाळ हवं तर तेल नाही, तेल हवं तर शेवाळ नाही. तर तिचं म्हणणं असं, की पेशीच्या आत एक जनुक आहे, ते ब्रेकसारखं काम करतं. खायला आहे तोवर तेल करू नका, असा त्याचा हुकूम. ते जनुक कापून टाकलं तर? पोटभर जेवलेलं शेवाळही तेल करेल.

कापलं की तिने! मला भिंगातून दाखवलं. एक रंग घालतात, तो फक्त तेलाला धरतो आणि निळ्या उजेडात पिवळा चमकतो. साध्या शेवाळात एखादा बारीक ठिपका होता. तिच्या शेवाळात प्रत्येक पेशीच्या पोटात सोन्याचे गोळे. मी "अगं बाई!" म्हणून इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली.

आणि तिचे हात! बाटलीचं तोंड ज्योतीवर फिरवणं, बोळा करंगळीत धरणं, झाकण एका क्षणापुरतंच उघडणं. कुठे घाई नाही, कुठे दिखावा नाही. माझ्या हाताखाली असती तर ऑपरेशन थिएटर डोळे मिटून तिच्या ताब्यात दिलं असतं. माझं कौतुक किती महाग आहे ते तुला माहीत आहे. तुला स्वतःला ते दहावीनंतर मिळालेलं नाही.

विषय पुढच्या आठवड्यात नक्की काढते.

आई


शनिवार, १५ फेब्रुवारी

भुंग्या,

काढला. आता सुखी हो.

जेवण झाल्यावर तुझं म्हणणं जसंच्या तसं तिच्यापुढे ठेवलं, वेगळं व्हायचं आहे तेसुद्धा. ती रडली नाही. ताटं उचलली, घासली, पुसून ठेवली आणि मग म्हणाली, "आई, सध्या माझं शेवाळ तळ्यात जातंय. तिथे तेल आलं की मी स्वतः त्याच्याशी बोलेन. तोपर्यंत मला हो पण म्हणवत नाही आणि नाही पण म्हणवत नाही."

"आणि तळ्यात नाही आलं तर?"

"तर माझ्याकडे म्हणायला काही उरणारच नाही."

हे तळं म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे येईल तसं नव्हे. मोठ्या काचघरात लांबट हौद आहेत, त्यात पाणचक्कीसारखं चाक फिरतं आणि हिरवं पाणी गोल गोल वाहतं. जनुक कापलेलं शेवाळ उघड्यावर सोडायची परवानगी नाही, म्हणून काच. या हौदांचा कारभार एका इंजिनियरकडे आहे. सगळे त्याला तळेमास्तर म्हणतात. सतत पँटचे पाय दुमडलेले, आणि बोलताना पाण्याला "पोरं" म्हणतो. "काकू, आज पोरं खूश आहेत बघा," असं मला सांगत होता.

मार्चमध्ये अनुदान देणारे पाहुणे येणार आहेत. बाटलीतलं तेल तळ्यात दाखवता आलं तर मोठे सर, म्हणजे तिथले प्रमुख, तिला स्वतःचा विभाग देणार आहेत. तिच्या पायाला भिंगरी लागली आहे नुसती. मी डबा भरून देते आणि रिकामा परत आला की नाही ते उघडून बघते. तुझ्या वेळेला पण बघायचे. तू मित्रांना वाटून टाकायचास, ते मला ठाऊक होतं.

आई


गुरुवार, २० मार्च

भुंग्या,

तुझे तीन मिस्ड कॉल दिसले. उचलले नाहीत, कारण नीट सांगायचं होतं.

तळ्यात तेल आलं नाही. पहिले काही दिवस आलं, सगळे नाचले, आणि मग उतरत उतरत साध्या शेवाळाइतकं झालं. पाणी हिरवंगार, वाढ जोमाची, पोटात तेल मात्र नाही. मोठ्या सरांनी तळेमास्तरांना फैलावर घेतलं. चाक नीट फिरलं नसेल, बाहेरचं शेवाळ आत शिरलं असेल, हौद नीट धुतला नसेल. तो बिचारा हौदाच्या कडेला बसून पाण्याकडे बघत राहायचा. सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं की खापर त्याच्यावर फुटणार.

काल पाहुणे आले. संध्याकाळी दारावर टकटक झाली, बघते तर तळेमास्तर. आत येईना, उंबऱ्यातच उभा. म्हणाला, "काकू, तुमच्या सूनबाईंनी आज काय केलं ते त्या घरी सांगणार नाहीत, म्हणून मीच आलो."

झालं असं. पाहुण्यांपुढे मोठे सर म्हणाले, "तळ्याच्या व्यवस्थेत गफलत झालेली दिसते. आम्ही योग्य ती कारवाई करू." तेव्हा आपली ही उठून उभी राहिली.

"सर, तळ्याला दोष देण्याआधी मी माझी मूळ बाटली तपासली. भेसळ तिच्यातच आहे. तळेमास्तरांचा यात काही संबंध नाही."

"तू बस. हे आपण नंतर बोलू."

"नंतर नको सर. पाहुणे आहेत तोवरच सांगते."

आणि तिने फळ्यावर सगळं मांडून दाखवलं. पहिल्या बाटलीतच दोन प्रकारच्या पेशी होत्या. बऱ्याचशा जनुक कापलेल्या आणि थोड्या न कापलेल्या. न कापलेल्या तेल साठवण्यात शक्ती घालवत नाहीत, म्हणून त्या जरा भरभर वाढतात. दर आठवड्याला बाटलीतून बाटलीत, बाटलीतून हौदात जाताना त्यांचा वाटा वाढत गेला आणि शेवटी हौदभर त्याच झाल्या. आधी काढलेले तेलाचे आकडे आता धरू नयेत, असंही तिने स्वतःच सांगितलं.

"मी इतकी वर्षं नोकरी करतो काकू," तळेमास्तर म्हणाला, "पण असं माणूस बघितलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तरी कुणाला कळलं नसतं हो."

तो गेल्यावर मी पदराने डोळे पुसले. मेट्रन असताना किती माणसं पाहिली मी. चूक झाल्यावर औषधाच्या कंपनीपासून रोग्याच्या नशिबापर्यंत सगळ्यांना नावं ठेवणारी. अशी एकही नाही. मला तिचा अभिमान वाटतो. लिहिलं सरळ, वाच सरळ.

आई


मंगळवार, २५ मार्च

भुंग्या,

हे पत्र वाचून तू चिडशील. चीड, पण शेवटपर्यंत वाच.

विभाग गेलाच. प्रकल्पही दुसऱ्याकडे दिला. तिला कोपऱ्यातलं एक टेबल आणि जूनअखेरपर्यंतची मुदत मिळाली आहे. तेवढ्यात शुद्ध वाण काढलं तर ठेवू, नाहीतर बघू, असं मोठे सर म्हणाले.

भेसळ झाली कशी, हे मी तिला खोदून खोदून विचारलं. तबकडीत जेलीसारखा थर असतो, त्यावर रेघोट्या ओढून पेशी विरळ करायच्या. एकटी पडलेली पेशी वाढून हिरवा ठिपका होतो. तो ठिपका उचलायचा आणि पुन्हा नव्या तबकडीवर रेघोट्या. या जातीच्या पेशी फार चिकट असतात, दोन बहिणी गळ्यात गळा घालून बसतात आणि दोघींचा मिळून एकच ठिपका दिसतो. म्हणून हे तीनदा करायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे. तिने दोनदा केलं. तिसऱ्या वेळेची तबकडी तयार होती आणि ती करायच्या आधी निघून गेली.

"तू? तू अशी निघून गेलीस?" मी म्हटलं.

"जावं लागलं होतं आई. घाई माझीच होती." मग मी मेट्रनसारखी उभी राहिले. तेव्हा म्हणाली, "त्याला सांगणार नसाल तर सांगते."

मी सांगणार नाही म्हणाले. आता सांगते आहे. ती निघाली ते तुझं अपेंडिक्स फुटलं त्या दिवशी. फोन आला तशी अंगावरच्या कोटानिशी स्टेशनवर गेली. परत आली तेव्हा ठिपके दाट होऊन एकमेकांत मिसळले होते, बाटली मागितली जात होती, म्हणून दुसऱ्या वेळचाच ठिपका पुढे गेला. आणि तू पुढे सगळ्यांना काय सांगत फिरलास? "दोन दिवस पाहुणीसारखी आली आणि गेली." तिने हे फळ्यासमोर सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, मलाही आधी "घाई माझीच होती" एवढंच म्हणाली.

आता खरी गोष्ट. हे सांगितलं त्याच संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. चहा निवून साय धरली होती त्यावर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, जाऊ का मी त्याच्याकडे? तुम्ही म्हणाल तसं करते."

भुंग्या, याच प्रश्नासाठी तू मला इथे पाठवलं होतंस. मी 'हो' म्हटलं असतं तर तिने त्याच क्षणी बॅग काढली असती. तुझं काम फत्ते झालं असतं.

मी नाही म्हणाले.

तिने विचारलं, का. मी म्हटलं, "आज गेलीस तर हरून जाशील, आणि त्याला वाटेल तो जिंकला. तसल्या संसारात मला तुमच्यापैकी कुणीच नको आहे. उद्या सकाळी उठ आणि तबकड्या कर. तीनदा."

आई


शुक्रवार, ११ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र मिळालं. तुला पत्र लिहिता येतं हे पाहून आनंद झाला, मजकूर वाचून कमी झाला.

"तू माझी आई आहेस की तिची?" तुझीच. तिच्याशी मी इतक्या मोठ्याने कधी बोललेच नाही, तू बघतो आहेस ना. "मला काय बाबांसारखं व्हायचंय का?" हेही लिहिलं आहेस. हे तू आज नाही, शाळेत असल्यापासून मनात धरून आहेस. माझी बदली झाली की तुझे बाबा घड्याळदुरुस्तीचं दुकान गुंडाळून माझ्यामागे यायचे आणि मुलं तुला चिडवायची. तुला लागायचं, मला माहीत आहे.

पण तू त्यांचं येणं तेवढं लक्षात ठेवलंस. संध्याकाळी माझ्या चपला दारात वाजल्या की पहिला प्रश्न काय असायचा त्यांचा? "आज वॉर्डात काय झालं?" मी सांगायचे आणि ते डोळ्याचं भिंग न काढता ऐकायचे. घड्याळवाल्या माणसाला सलाईन आणि टाके काय कळणार? तरी कोणता रोगी सुधारला, कोणता गेला, सगळं त्यांना पाठ असायचं. मी कितीही दमून आले तरी त्या एका प्रश्नाने माणसांत यायचे. म्हणून मी त्यांच्यावर जीव टाकला. ते मागे आले म्हणून नव्हे रे.

तू तिला कधी येतेस, का येत नाहीस, किती दिवस लागणार, हे शंभरदा विचारलं असशील. ती काय करते आहे, हे लग्नानंतर एकदा तरी विचारलंस? मी तिला विचारलं, तर म्हणाली, "त्याला कामं असतात आई." म्हणजे नाही.

तू नव्या जागी रुजू झालास, चांगलं झालं. तिथे हवा मानवते का, ते कळव. मी जूनपर्यंत इथेच आहे. वेगळं व्हायचे कागद पाठवायचे असतील तर तिच्या नावे पाठव, माझ्यामार्फत नको. निरोप्याचं काम मी सोडलं.

आई


बुधवार, १४ मे

भुंग्या,

तू कागद पाठवले नाहीस. काही म्हणत नाही, फक्त नोंद घेतली.

पहिल्या दोन वेळच्या तबकड्या झाल्या. या वेळी ती पेशी आधी हलवून हलवून सुट्या करते, भिंगाखाली एकटी दिसली तरच पुढे नेते. एका सकाळी निवडलेला ठिपका तपासणीत पुन्हा जोडीचा निघाला. तिने तबकडी बाजूला ठेवली, हात धुतले आणि नवी घेतली. एक सुस्कारासुद्धा नाही. मी मात्र त्या शेवाळाला चार शिव्या हासडल्या. तळेमास्तर म्हणाला, "काकू, पोरांना बोलू नका, मनावर घेतात." तो दुपारच्या सुट्टीत येऊन तिच्या टेबलाचा दिवा नीट करून गेला. तिच्यासाठी सगळ्यात लहान हौद धुऊन रिकामा ठेवला आहे त्याने, कुणी न सांगता.

तिच्याकडे बघताना मला वाटतं, माणूस हुशार असणं वेगळं आणि असं असणं वेगळं. जे हातून निसटलं तेच पुन्हा पहिल्यापासून करायला बसायचं, तेही जिथे सगळ्यांना आपली चूक माहीत आहे अशा खोलीत. मला जमलं नसतं. तुला जमलं असतं का, हे तूच ठरव.

आई


सोमवार, ३० जून

भुंग्या,

तुझं पत्र सकाळी आलं. चार ओळींचं. माझ्या गुडघ्याची चौकशी, तिथल्या पावसाची तक्रार, आणि खाली वेगळ्या शाईने, म्हणजे बराच विचार करून नंतर लिहिलेलं: "तिच्या तळ्यात या वेळी तेल आलं का? आणि ते ब्रेकचं जनुक कापल्यावर पेशीला काही त्रास होत नाही का?"

मी ती ओळ उभ्या उभ्या वाचली, मग बसून वाचली. दुसरा प्रश्न तर मलाही सुचला नव्हता.

पहिल्याचं उत्तर मला माहीत आहे. आज मुदतीचा शेवटचा दिवस. दुपारी मी स्वतः काचघरात होते. तळेमास्तरांनी हौदातलं पाणी काढून दिलं, तिने रंग घातला, आणि मोठ्या सरांच्याही आधी मला भिंगाशी बसवलं. काय दिसलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

पण तुला सांगणार नाही. प्रश्न चुकीच्या बाईला विचारलास तू. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. तू विचारलंस हे तिला माझ्याकडून कळायला नको.

तिचा नंबर बदललेला नाही. दुपारी तिचे हात मोकळे नसतात. संध्याकाळी कर.

आई